वजा

त्या माणसाने मला बिल वाचून दाखवायला सांगितलं आणि मी त्यातली एक ओळ गाळली.

चुकून नव्हे. ओळ दिसली, जिभेपर्यंत आली आणि मी ती गिळली. सव्वीस वर्षं शाळेत पोरांना 'बोट ठेवून वाच, ओळ गाळू नकोस' म्हणून दटावत आलेली बाई मी. त्या दिवशी हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये एका मोठ्या माणसाचं बोट कागदावर असताना त्याच्या बोटावरून उडी मारून खालच्या ओळीवर गेले. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. वन्संचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, पूर्व पुण्यातल्या सिस्टरांच्या हॉस्पिटलात. हॉस्पिटलला संताचं रीतसर नाव आहे, पण आमच्या घरात जवळजवळ चाळीस वर्षं त्याला 'सिस्टरांचं' एवढंच म्हणतात, तसंच इथेही राहू दे. सकाळी दहाला 'आज सोडतो' म्हणाले होते आणि फाइल वरच्या मजल्यावरून खाली यायला दोन वाजून गेले. हे मात्र सगळ्या हॉस्पिटलांत सारखंच, त्याला जात-धर्म नाही.

काउंटरच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. पन्नाशी ओलांडलेला, मळका पायजमा, खांद्यावर टॉवेल, आणि मानेच्या खाली ओझं वाहणाऱ्यांच्या पाठीवर येतो तसा कातडीचा जाड घट्टा. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रबर लावलेल्या नोटांच्या जुड्या. बऱ्याचशा शंभराच्या, काही पन्नासाच्या. काउंटरवरच्या पोराने बिल छापलं, बिलाकडे पाहिलं, मग त्या जुड्यांकडे पाहिलं, आणि न बोलता उठून मागच्या काचेच्या केबिनमध्ये गेला. आत एक वयस्क सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, कागदावर पेनाने काहीतरी लिहिलं, चष्मा काढला. अर्ध्या मिनिटाचंही काम नव्हतं. पोराने परत येऊन दुसरं बिल छापलं आणि पहिलं फाडून टोपलीत टाकलं. "तीस हजार, काका." तो माणूस चमकला. "एवढेच?" पोरगा मान वर न करता म्हणाला, "एवढेच." मग दोघांनी मिळून नोटा मोजल्या. शंभरा-पन्नासाच्या तीनशेहून जास्त नोटा मोजायला किती वेळ लागतो हे आपण यूपीआयवाले विसरून गेलो आहोत.

वन्संची फाइल आली नव्हती म्हणून मी बाहेर येऊन बाकावर बसले. पोर्चच्या बाजूला मरियेची गुहा आहे, सिमेंटची, आत निळ्या पट्ट्याची मूर्ती. आदल्या दिवशी ११ फेब्रुवारी, लूर्द मातेचा, म्हणजे याच मरियेचा, सण झालेला. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हाच दिवस जगभरच्या आजाऱ्यांचा दिवस म्हणून ठरवून दिला, त्यामुळे अशा हॉस्पिटलांत तो दुहेरी साजरा होतो. गुहेपुढे कालचा शेवंतीचा हार सुकत होता, मेणबत्त्यांचं मेण फरशीवर थिजलं होतं, आणि फिनेलच्या वासात शेवंतीचा तो जरा कडवट वास मिसळला होता. त्या वासाने माझ्या पोटात काहीतरी हललं. तेवढ्यात समोर बिलाचा कागद आला. "ताई, जरा वाचून दाखवता का? मराठी येतं मला. हे विंग्रजी आहे."

मी वाचायला लागले. खाटेचं भाडं. ऑपरेशन थिएटर. भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी. औषधं. रक्त-लघवीच्या तपासण्या. त्याचं बोट एकेक ओळ खाली येत होतं, नखाखाली मिरचीची की हळदीची पिवळट रेघ. बेरीज ४१,३००. आणि तिच्याखाली दोन इंग्रजी शब्द, म्हणजे 'गरिबांचा निधी', आणि त्यापुढे ११,३००.

"एकूण तीस हजार," मी म्हटलं. "बरोबर आहे, दादा."

तो काय म्हणाला ते सांगते, पण आत्ता नाही. कारण त्या क्षणी मी त्या पोर्चमध्ये नव्हतेच. मी बारा वर्षांची होते आणि बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून त्याच फाटकातून आत येत होते.

१९८७. आईच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन इथेच झालं होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर स्वतः सिस्टर होत्या, आणि आईला त्याचं केवढं अप्रूप! पुरुष डॉक्टर नको म्हणून तिने दोन वर्षं दुखणं अंगावर काढलं होतं. वर्गातल्या मुलींना एकदा 'सिस्टर' या शब्दाची गोष्ट सांगायची म्हणून मी बरीच शोधाशोध केली, तेव्हा कळलं की धर्मभगिनींना बाळंतपणं आणि शस्त्रक्रिया करायला १९३६ पर्यंत रोमचीच मनाई होती. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईने ते पाहू नये, असा काहीसा सोवळा विचार. मेलबर्नची डॉक्टर मेरी ग्लोरी १९२० साली गुंटूरला आली आणि मठात दाखल झाली, तेव्हा तिला डॉक्टरकी चालू ठेवायला पोपची खास परवानगी लागली. पुढे १९४३ साली तिनेच देशातल्या कॅथलिक हॉस्पिटलांची संघटना उभी केली. डॉक्टर ॲना डेंगल या ऑस्ट्रियन बाईने रावळपिंडीत पाहिलं होतं की पडद्यातल्या बायका पुरुषाला नाडी दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, आणि त्यातून १९२५ साली तिने वैद्यकी करणाऱ्या सिस्टरांचा संघच काढला. म्हणजे नारायण पेठेतल्या माझ्या आईची लाज आणि रावळपिंडीच्या त्या बायकांची लाज एकाच जातीची होती. आणि आपण आज कुठल्याही हॉस्पिटलात कुठल्याही नर्सला 'सिस्टर, सलाईन संपलं' अशी हाक मारतो तेव्हा नकळत एका मठाची कडी वाजवत असतो.

आईच्या खाटेच्या वर भिंतीवर क्रूस होता आणि उशीखाली आईचा दत्ताचा फोटो. सकाळी पुसायला येणाऱ्या मावशी नगरकडच्या, केडगावच्या की श्रीरामपूरच्या ते आता आठवत नाही. गळ्यात क्रूस, कपाळावर गोंदण, आणि बोली अस्सल नगरी. त्या एकाच फडक्याने आधी क्रूस पुसायच्या, मग दत्त. संध्याकाळी चॅपलची घंटा व्हायची. घरी आल्यावर आई पुढे कित्येक दिवस सहाच्या सुमाराला कान टवकारायची आणि मग स्वतःशीच हसायची.

बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे. पगार अकराशे पन्नास. डिस्चार्जच्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी हॉस्पिटलचं बिल काढलं, कार्बन कॉपी, निळसर, आणि सवयीने तांबडी पेन्सिल घेऊन ते तपासायला बसले. किराण्याची यादीही ते पेन्सिल घेऊनच वाचायचे. तीनदा बेरीज केली. मग म्हणाले, "चुकलीय. नऊशेनं. आपण नऊशे कमी भरलेत." आई पडल्या पडल्या म्हणाली, "असेल काहीतरी." बाबा म्हणाले, "असेल काहीतरी म्हणजे काय? त्या बिचाऱ्या कारकुनाच्या पगारातून कापतील." दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, पोस्टातून नऊशे काढून आम्ही निघालो. मला का नेलं कोण जाणे. बहुधा प्रामाणिकपणा कसा असतो ते दाखवायला. क्वार्टर गेटपाशी सिटी चर्च आलं की एरवी ते सांगायचेच, "ही जागा सवाई माधवरावांनी दिलेली बरं का, १७९२ साली. पेशव्यांच्या फौजेत कॅथलिक शिपाई होते, त्यांना प्रार्थनेला." त्या दिवशीही सांगितलं. खुशीत होते. चूक सापडली की ते नेहमी खुशीत असायचे.

तिथे सिस्टर होत्या त्या केरळच्या. त्यांनी बिल पाहिलं आणि म्हणाल्या, "चूक नाही. कमी केला."

"कोणी सांगितलं कमी करायला?"

"कोणी नाही."

"मग कोणाचे पैसे?"

"लोकांचे."

"कोणत्या लोकांचे?"

सिस्टरांनी दोन्ही हात थोडे वर केले, खिडकीबाहेर, रस्त्याकडे, कुठेतरी. "लोक," त्या म्हणाल्या.

बाबांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही फारसा नाही. आठ दिवस ते सायकलवरून डबा आणत होते, पिठलं-भात नाहीतर आमटी-भात, आणि आईने टाकलेलं बाहेरच्या बाकावर बसून खात होते. ते कोणीतरी पाहिलं होतं. बहुतेक त्या नगरच्या मावशींनी. कमी केलेल्या पैशांपेक्षा हे पाहिलं जाणं त्यांना झोंबलं, हे मला आता कळतं. ते मोठ्याने म्हणाले, "आम्ही माधुकरी मागत नाही." सिस्टरांना शब्द कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी शाळेतल्यासारखं उत्तर दिलं, "घरोघरी जाऊन जेवण मागायचं, त्याला माधुकरी म्हणतात." सिस्टर एकदम हसल्या. दातांत फट होती त्यांच्या. "मग ते तर आम्ही पण करतो," त्या म्हणाल्या.

बाबा हसले नाहीत.

माधुकरी हा शब्द आमच्या घरात असा उगाच येत नसे. आजोबा राजापूरकडून पुण्याला शिकायला आले तेव्हा वार लावून जेवले होते. सात वार, सात घरं. त्यांची गुरुवारची घरची बाई अन्न चांगलं द्यायची, ताजी पोळी, वर तूप, पण कोणी पाहुणे आले की पानावर बसलेल्या मुलाकडे बोट करून सांगायची, "हा आमचा गुरुवारचा मुलगा." बस्स, एवढंच. शिव्या नाहीत, शिळंपाकं नाही. आजोबांनी पुढे जन्मभर गुरुवारचा उपास केला. आळीतले लोक त्यांना दत्तभक्त समजायचे, माझी आईसुद्धा समजायची, आणि उशीखालचा तो फोटो तिने त्यांच्याकडूनच घेतला होता. उपासाचं खरं कारण त्यांनी फक्त बाबांना सांगितलं, आणि तेही अगदी शेवटी. रविवारच्या घरी एक म्हातारी विधवा होती. ती ताट वाढून, वर दुसरं ताट झाकून ठेवायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. मुलाने यायचं, जेवायचं, ताट घासून पालथं घालायचं आणि जायचं. चार वर्षांत तिचा चेहरा आपण धड पाहिला नाही, म्हणायचे आजोबा. वालाच्या बिरड्याचा वास आला की त्यांना ती खोली आठवायची, कोनाड्यातली चिमणी, आणि आतून येणारा तिच्या बांगड्यांविना हाताने जातं ओढल्याचा आवाज.

हे लिहिताना हात जरा अडखळतो. ती सातही घरं एका विशिष्ट आडनावाच्या मुलालाच उघडी होती. बिल घेऊन आलेल्या त्या मार्केट यार्डातल्या हमालाच्या आजोबाला त्या काळी त्यातल्या एकाही ओटीवर चढता आलं नसतं, झाकलेल्या ताटाची बातच सोडा. आमच्या घरातलं ते दुःख खरं आहे, आणि त्या दुःखालाही प्रवेशपत्रिका लागत होती, हेही खरं आहे. हॉस्पिटलच्या त्या केबिनमध्ये आडनाव विचारून कमी-जास्त करत नसावेत. निदान माझ्या बाबांचं विचारलं नाही.

बाबांनी नऊशे टेबलावर ठेवले. सिस्टरांनी ते परत सरकवले. असं दोनदा झालं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, एकदम नको, घरी बाई आजारी आहे, दूध-फळं लागतील, हप्त्याने द्या. पंचाहत्तर रुपये महिना, बारा महिने. बाबांनी जागच्या जागी पहिला हप्ता भरला. पावती आली तिच्यावर लिहिलं होतं 'देणगी'. बाबांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली, त्या शब्दावर काट मारली, समासात प्रुफावर करतात तशी खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'बिलाची बाकी'. सिस्टरांनी ते पाहिलं, नवी पावती फाडली आणि तसं लिहून दिलं. पुढच्या अकरा पावत्यांवर न सांगता 'बिलाची बाकी'च आलं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी तारेत लाइट बिलांबरोबर त्या पावत्या खोचलेल्या असायच्या. बारावी पावती लागली त्या महिन्याला बाबांनी श्रीखंड आणलं.

तेरावी पावती कधीच आली नाही.

मला वाटायचं, यावी. कॉलेजात असताना मी एकदा म्हटलंही, "बाबा, आता सवड आहे, पंचाहत्तर रुपये आपणही पाठवूया की तिथे, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील." ते म्हणाले, "हिशोब मिटलाय." वाईट माणूस नव्हते हो ते. शेजारच्या अप्पांनी 'मिशनऱ्यांकडे गेलात, आता घरात क्रूस लावा' असं खवचटपणे म्हटलं तेव्हा बाबा त्यांच्यावर उखडले होते, "आठ दिवसांत मला तिथे कोणी येशू विकला नाही. तुम्ही मात्र रोज सत्यनारायणाची वर्गणी विकता." पण देणं हा त्यांना उलटा हिशोब वाटायचा. आपण दिलं म्हणजे समोरच्याला आपण गुरुवारचा मुलगा केलं. म्हणून घ्यायचंही नाही आणि द्यायचंही नाही. हे तत्त्व ऐकायला फार ताठ वाटतं. त्यासोबत राहायला जरा थंड असतं.

वसईची एक मैत्रीण आहे माझी, आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. तिला मी हा नऊशेचा किस्सा सांगितला तेव्हा तिने आधी विचारलं, "कुठला महिना होता?" मार्च, मी म्हटलं. "मग उपवासकाळाचे असतील," ती म्हणाली. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस तिच्या आईकडे मासळी बंद असायची. वसईच्या घरात मासळी बंद म्हणजे काय ते ज्याने बोंबलाच्या वासात बालपण काढलंय त्यालाच कळेल. जे खाल्लं नाही त्याचे पैसे आई कोकोच्या जुन्या डब्यात टाकायची, आणि तो डबा शेवटी चर्चमधल्या पेटीत रिकामा व्हायचा. पेटीतले पैसे कुठे जायचे ते आईला ठाऊक नसे. तिच्या धर्मग्रामात, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, संत व्हिन्सेंट डी पॉलच्या नावाची मंडळी होती, घरोघरी जाऊन कोणाला औषध हवं, कोणाची फी राहिली ते पाहणारी. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेदेरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ती सुरू केली म्हणे, मित्रांना घेऊन. इथेही विद्यार्थीच, बघा. फक्त तो मागणारा नव्हता. तेव्हापासून मला अधूनमधून एक चित्र दिसतं: कॅम्पातली कुठलीतरी बाई, फ्रॉक घातलेली, सुरमईच्या टोपलीसमोरून न थांबता पुढे जाते, आणि तिने न खाल्लेल्या सुरमईवर माझी आई भूल घेऊन शांत झोपते. ती बाई माझ्या आईला ओळखत नाही. ती आतल्या खोलीत निघून गेलेली आहे.

हे सगळं मी त्या रात्री घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर त्याने माझं हे चित्र दोन मिनिटांत खाली उतरवलं. तो हिशोबतपासनीस. म्हणाला, "अगं, धर्मादाय हॉस्पिटलांना कायद्यानेच द्यावं लागतं. दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट, दहा टक्के दुर्बलांना सवलतीत. आणि बाकीच्या रुग्णांच्या बिलांतले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. हायकोर्टाची २००६ची योजना आहे." मी म्हटलं, त्याने ना रेशनकार्ड दाखवलं ना उत्पन्नाचा दाखला, मी रांगेतच उभी होते. "मग त्यांचा वेगळा निधी असेल," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "किंवा ताईच्या बिलाचे दोन टक्के असतील." वन्सं आतून ओरडल्या, "माझे? माझे कोणी विचारले?" आम्ही हसलो. पण मी मनातल्या मनात वन्संच्या बिलाचे दोन टक्के काढून पाहिले. काढलेच. प्रुफवाल्याची मुलगी.

पुण्यात नाव न घालता काही द्यायचं म्हणजे तसं अवघडच. बागेतल्या बाकावर, देवळाच्या पायरीवर, शाळेतल्या पिंपावर, सगळीकडे कोणी ना कोणी कैलासवासी. एका मंगल कार्यालयात मी पंख्याच्या तीन पात्यांवर एकाच घराण्यातली तीन नावं पाहिली आहेत, पंखा लावला की तिन्ही पिढ्या एक व्हायच्या. सिस्टरांचं हॉस्पिटलही त्यातून सुटलेलं नाही. चॅपलमधल्या बाकांना पितळी पट्ट्या आहेत, लिफ्टशेजारी संगमरवर आहे. आणि मला त्याचा रागही येत नाही. डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यात वारले, त्यांच्या देणगीचं हॉस्पिटल उभं राहिलं १८६७ साली. त्यांनी स्वतः ते पाहिलं नाही. लाल देवळाच्या, म्हणजे कॅम्पातल्या यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात त्यांची कबर आहे. पण आज 'ससूनला नेलंय' म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोर एक दाढीवाला बगदादी यहुदी येतो? लांबलचक कॉरिडॉर येतो, केसपेपरची रांग येते. नाव इतकं घासलं गेलंय की त्यातला माणूस निघून गेला. हीही एक आतली खोलीच म्हणायची. फक्त तिथे पोचायला दीडशे वर्षं लागतात.

तर तो पोर्च.

"एकूण तीस हजार. बरोबर आहे, दादा," मी म्हटलं. त्याने कागद परत घेतला नाही. त्याचं बोट मी गाळलेल्या ओळीवरच होतं. ते हललंच नव्हतं.

"ताई, मी मार्केट यार्डात आहे. भुसारात, हमाल," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट मलाच सांभाळून घेतल्यासारखा. "रोज शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या पट्ट्या बघतो. आकडे कळतात मला." त्याने बोट जरा उचललं. "ही बेरीज. हे वजा. पट्टीत वजा असलं म्हणजे हमाली, तोलाई, कायतरी असतं. वजा म्हणजे कोणाचे तरी गेलेले असतात." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "इथं कोणाचे गेले?"

माझे कान तापले. मी त्याच्यावर दया केली होती आणि ती त्याने मागितली नव्हती. बाबांनी हाच प्रश्न विचारला होता, याच आवारात, पण चढ्या आवाजात आणि खिशात नऊशे रुपये घेऊन. याच्या पिशवीत आता रबरं तेवढी उरली होती, आणि तो तेच विचारत होता, हिशोब म्हणून, शांतपणे. हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जेवणारी माणसं ही. तिथे स्वस्त मिळतं, फुकट नाही. मी ती ओळ वाचली. इंग्रजीत आणि मग मराठीत. गरिबांचा निधी. अकरा हजार तीनशे.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. गुहेपुढच्या हारावर एक मधमाशी फिरत होती.

"म्हणजे कोण?" त्याने विचारलं.

"लोक," मी म्हटलं. आणि म्हणताना माझेही हात थोडे वर झाले, रस्त्याकडे.

त्याने तो कागद दोन वेळा घडी घातला, मग उलगडला, मग परत घातला, आणि पिशवीत न टाकता सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. फाटकाशी व्हीलचेअरवर त्याची बायको बसली होती, पदर डोक्यावर घेऊन, मांडीवर औषधांची पिशवी घट्ट धरून. मुलीने रिक्षा थांबवली होती. मला वाटलं, तो केबिनकडे वळेल. एकदा त्याने तिकडे पाहिलंही. काचेच्या आत सिस्टर खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या, आणि काउंटरवरचा पोरगा कोणाला तरी सुट्टे पैसे देत होता. तो तसाच फाटकाकडे गेला. आतून कोणीतरी वन्संचं नाव पुकारलं. मी उठले, पण पावलं रेंगाळली.

"अप्पर इंदिरानगर? अडीचशे होतील," रिक्षावाला म्हणत होता.

"अडीचशे? कशाचे अडीचशे? मीटर टाक," त्याचा आवाज पार पोर्चपर्यंत आला, भुसार बाजारात चालतो तसा, खणखणीत. "मीटरनं जे होईल ते घे. एक रुपया कमी देणार नाही आणि एक जास्त देणार नाही."